खांद्यावर तारा नसलेला साहेब

नंदुरबारहून धुळे, मालेगाव, मनमाड, शिर्डी करत नगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, गाठायचं तर दिवस मोडतो. तिथं चिलखती दलाच्या केंद्राचं १९९४ पासूनचं रणगाडा संग्रहालय आहे. मटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल हे ब्रिटिश रणगाडे, जपान्यांचा हा-गो, पाकिस्तानकडून हाती आलेला पॅटन. या गर्दीत दुसऱ्या महायुद्धातली एक जर्मन चिलखती टेहळणी गाडीही उभी आहे. गाडी पाहता येते, हात लावता येतो. तिच्यात बसणारा माणूस मात्र आता छायाचित्रांतच उरला आहे.

छायाचित्रांना तोटा नाही. जर्मन सैन्याच्या प्रचार तुकड्या कॅमेरे घेऊनच आघाडीवर जात. जर्मनीच्या संघीय अभिलेखागाराने २००८ साली ८० हजारांवर जुनी छायाचित्रं इंटरनेटवर खुली केली, त्यात या तुकड्यांनी काढलेल्यांचाही भरणा आहे. म्हणजे शहाद्यात किंवा तळोद्यात बसूनही मोबाइलवर ती पाहता येतात. पाहणं सोपं, वाचणं अवघड.

सुरुवात कापडापासून करावी. रणगाड्यातल्या जर्मन सैनिकाचं जाकीट आखूड आणि काळं. आपल्या बाराबंदीसारखी एक बाजू दुसरीवर येते, कारण अरुंद झाकणातून आत-बाहेर करताना अडकायला पुढं काही नको. काळा रंग तेलाच्या डागांसाठी. ब्रिटिश रणगाडा दलाने काळी बेरे टोपी घेतली तीही याच हिशेबाने, आणि तीच पुढं आपल्या चिलखती दलाच्या डोक्यावर आली. जर्मनांनीही आत पॅड घातलेली जाडजूड बेरे वापरून पाहिली. ती लवकरच मागे पडली आणि साधारण गांधी टोपीच्या घडीची टोपी आली.

मग दिसते कॉलरवरची कवटी. इथंच बहुतेकांची गफलत होते. कवटी दिसली की हिटलरचे एसएस, असं ठरवून लोक मोकळे होतात. युद्धात समोरच्या सैनिकांनीही ही चूक केली. रणगाडा दलाने कवटी उचलली ती अठराव्या शतकातल्या प्रशियन हुसार घोडदळाकडून. घोडे गेले, खूण राहिली. एसएसची कवटी सहसा टोपीवर असे. शंका असेल तर गरुड शोधावा. सेनादलाचा गरुड छातीवर उजवीकडे, एसएसचा डाव्या बाहीवर. गरुडाच्या पंजात स्वस्तिक मात्र दोन्हीकडे होतं. शिलाईच्या बारकाव्यात रमणाऱ्यांनी हे विसरू नये.

कॉलरच्या आणि खांदापट्टीच्या कडेला मगजी असते. ती गुलाबी! रणगाडा दलाचा रंग गुलाबी, पायदळाचा पांढरा. कृष्णधवल छायाचित्रात दोन्ही फिकट करडेच दिसतात, म्हणून रंगावर विसंबणारा फसतो. कापडाचा काप पाहावा, तर तोफगाड्यांवरचे सैनिक तसंच जाकीट राखाडी कापडात घालत.

हुद्द्यात आपल्याकडचा वाचक हमखास चुकतो. आपल्याकडे तीन तारे म्हणजे कॅप्टन. जर्मनांत कॅप्टनच्या दर्जाचा हाउप्टमान दोन ताऱ्यांचा, त्याखालचा ओबरलॉयटनंट एका ताऱ्याचा, आणि लॉयटनंटच्या खांद्यावर एकही नाही. नुसती चंदेरी दोऱ्यांची सपाट पट्टी दिसली म्हणून त्याला शिपाई समजू नये. तो साहेब आहे. दोऱ्यांची वेणी घातलेली दिसली की मेजर किंवा त्याच्या वरचा. वेणीत सोनेरी दोरा आला की जनरल.

वाळवंटात ही काळी लोकर निरुपयोगी. आफ्रिकेत सगळ्यांचेच कपडे फिकट, उन्हाने आणखी विटलेले. तिथं रणगाडेवाल्यांनी कवट्या काढून विटक्या कॉलरवर टोचल्या. वर्दी सुटली, खूण सुटेना.

याच वाळवंटातलं सर्वांत ओळखीचं छायाचित्र जर्मन सेनानी रोमेलचं. तो मूळचा पायदळाचा, त्यामुळे कवटी नाही. गळ्यात पहिल्या महायुद्धातलं ‘पूर ल मेरीत’ पदक आणि टोपीवर चढवलेला गॉगल. तो गॉगल जर्मन नाही. लिबियातलं मेचिली ८ एप्रिल १९४१ ला पडलं, तेव्हा ब्रिटिशांच्या पकडलेल्या सामानातून त्याने तो उचलला. त्याच मेचिलीत तिसरी भारतीय मोटार ब्रिगेड वेढ्यात सापडली होती. सेकंड लान्सर्स, अकरावी कॅव्हलरी ही आपली जुनी घोडदळं. कित्येक जण कैद झाले.

उत्तर आफ्रिकेतल्या अशा भारतीय कैद्यांतूनच पुढं जर्मनीत सुभाषबाबूंचं आझाद हिंद पथक उभं राहिलं. वर्दी जर्मन, गरुड जर्मन. उजव्या बाहीवर मात्र तिरंगी बिल्ला, त्यावर झेपावणारा वाघ आणि ‘फ्राइस इंडिएन’ ही अक्षरं.

त्याच सुमारास इकडं नंदुरबारच्या माणिक चौकात ९ सप्टेंबर १९४२ ला ‘चले जाव’च्या मिरवणुकीत तिरंगा हातात घेतलेल्या शाळकरी शिरीषकुमारवर गोळ्या झाडल्या गेल्या. तो अजून सोळाही पुरा नव्हता. दोनच दिवसांनी, ११ सप्टेंबरला, हॅम्बुर्गमध्ये सुभाषबाबूंच्या समारंभात वाद्यवृंदाने ‘जन गण मन’ वाजवलं.

फेब्रुवारी १९४४ मधली काही छायाचित्रं फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावरची आहेत. रोमेल या पथकाची पाहणी करतो आहे. समोर पगडीधारी शीख सैनिक. चित्र मोठं करून बाहीवरचा बिल्ला शोधावा लागतो. केशरी आणि हिरवा तिथं सारखेच करडे दिसतात. वाघ तेवढा ओळखू येतो.