नाक दोन इंच वर

पिकअप गाडी कारखान्यातून निघते तेव्हा तिचं नाक थोडं खाली आणि मागची बाजू वर असते. हे मुद्दाम केलेलं असतं. मागच्या हौद्यात माल पडला की पाटे दबतात आणि गाडी सरळ होते. पण इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्स हौसेनं घेणाऱ्याच्या हौद्यात बहुधा एक तंबू आणि दोन खुर्च्या असतात. मग ते खाली झुकलेलं नाक डोळ्यांना खुपायला लागतं आणि गाडी ‘लेव्हल’ करायला गॅरेजात जाते. अमेरिकेत या हौसेवर मोठा धंदा उभा आहे. तिथे काही जणांनी तर नाक आभाळाकडे आणि शेपूट जमिनीला अशा गाड्या पळवल्या. शेवटी नॉर्थ कॅरोलिना राज्याने डिसेंबर 2021 पासून पुढचं मडगार्ड मागच्यापेक्षा चार इंच किंवा त्याहून जास्त उंच ठेवायला बंदी घातली.

आपल्याकडे मामला साधारण दोन इंचांचा असतो, आणि तो उरकतोही झटपट. शॉकच्या डोक्यावर एक चकती, म्हणजे स्पेसर, बसवायचा. शॉक थेट चाकाशी जोडलेला नसतो, तो चाकाला धरणाऱ्या खालच्या आर्मवर, म्हणजे लोअर आर्मवर, मधेच कुठेतरी टेकतो. त्यामुळे वर इंचभराची चकती टाकली तर चाकापाशी जवळजवळ दुप्पट उंची मिळते. 2020 च्या आधीच्या थारच्या सीआरडीई मॉडेलमध्ये पुढे टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्या, होत्या. तिथे चकतीही नको, बोल्ट पिळला की नाक वर. काम स्वस्तात होतं आणि राहिलेला हिशेब पुढे टायर चुकता करतात.

का, ते बघायला आपला हात खांद्याच्या रेषेत आडवा धरा आणि सावकाश खाली आणा. बोटं अंगाच्या जवळ येतात. गाडीचं नाक वर गेलं की चाकाला धरणारे वरचे-खालचे आर्म आणि स्टेअरिंगचा टाय रॉड असेच खाली झुकतात. तिघांची लांबी वेगळी, त्यामुळे प्रत्येकाचं आत येणंही वेगळं. कारखान्याने ठरवलेल्या उंचीच्या आसपास हे गणित जमवलेलं असतं, उंची बदलली की ते फिसकटतं. टाय रॉड चाकाचं एक टोक आत ओढतो आणि चाकं सरळ न राहता पुढून एकमेकांकडे (टो-इन) किंवा एकमेकांपासून दूर (टो-आउट) बघू लागतात. हा ‘टो’. स्टेअरिंग रॅक चाकाच्या मध्याच्या पुढे आहे की मागे, त्यावर टो कोणत्या बाजूला जाणार ते ठरतं.

टायर खाण्यात टोचा हात धरणारं कुणी नाही. एक चाक अर्धा अंश तिरकं असेल तर धावलेल्या प्रत्येक किलोमीटरमागे ते सुमारे पावणेनऊ मीटर आडवं खेचलं जातं. मुंबई-पुणे दीडशे किलोमीटर धरलं तर एका फेरीत सव्वा किलोमीटरच्या वर. रबर लवचिक असल्यामुळे काही ओढ सोसतं, बाकीचं रस्त्यावर घासून जातं. नुसत्या नजरेला हे लवकर दिसत नाही. गाडी उभी करून टायरच्या नक्षीवरून तळवा आडवा फिरवा. बाहेरून आत जाताना गुळगुळीत आणि आतून बाहेर येताना हाताला कडा लागत असतील, तर टो-इन जास्त आहे. उलट लागलं तर टो-आउट.

कॅम्बरची, म्हणजे चाकाच्या आत-बाहेर कलण्याची, झीज दिसायला सोपी. नाक वर गेल्यावर बऱ्याच गाड्यांत चाकाचं डोकं बाहेर कलतं आणि टायरची बाहेरची कड गुळगुळीत होत जाते. कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकाव, टायर फारसा खात नाही, पण तो कमी झाला की वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ होत नाही आणि एक्स्प्रेसवेवर गाडी हातात बसत नाही, सारखी सावरावी लागते.

मग अलाइनमेंट करून घेतली की झालं? पुष्कळसं होतं, सगळं नाही. मशीन उभ्या गाडीचं माप घेतं. रस्त्यावर चाक सतत वर-खाली होतं आणि झुकलेल्या टाय रॉडमुळे प्रत्येक गतिरोधकावर टो थोडा बदलतो. मशीनवरचे आकडे हिरवे आले म्हणून हे बदलणं थांबत नाही. त्यात बॉल जॉइंट आणि पुढच्या अ‍ॅक्सलचे सीव्ही जॉइंट कायम वाकड्या कोनात काम करतात, म्हणून लवकर झिजतात. टॉर्शन बार पिळला असेल तर चाकाला खाली जायला उरलेली जागाही कमी होते. मग गाडी कडक वाटते, पण बारचा ताठरपणा तितकाच राहिलेला असतो. खड्ड्यात चाक खाली जाऊन लगेच थांब्यावर आपटतं, त्याचा तो धक्का असतो.

अलाइनमेंट म्हटलं की बऱ्याच ठिकाणी फक्त टो जुळवून देतात. उंची वाढवलेल्या गाडीला ते पुरत नाही. कॅम्बर आणि कॅस्टर धरून तिन्हींचा कागद, आधीचा आणि नंतरचा, मागून घ्यावा. हायलक्ससारख्या गाडीत लोअर आर्मच्या कॅम बोल्टने कोन बराच सावरता येतो. तो बोल्ट टोकाला जाऊन बसला आणि कॅस्टर तरी कमीच असेल, तर वेगळ्या मापाचे अपर आर्म टाकावे लागतात. त्यांचा खर्च चकतीच्या कितीतरी पट. माझं मत विचाराल तर अपर आर्मचे पैसे बाजूला नसतील तर दोन इंचांच्या पुढे जाऊच नये. उंचीसाठी चकतीऐवजी नवे स्प्रिंग टाकले असतील तर ते काही आठवड्यांत थोडे बसतात, म्हणून तेव्हा पुन्हा तपासणी.

जिप्सी किंवा जिम्नीवाले हे वाचून हसतील. त्यांचा पुढचा अ‍ॅक्सल अखंड असल्यामुळे उंची वाढवली तरी कॅम्बर आणि टो जवळपास जागच्या जागी राहतात. पण जिम्नीत कॅस्टर घटतो, आडवा पॅनहार्ड रॉड अ‍ॅक्सलला किंचित एका बाजूला सरकवतो आणि सरळ रस्त्यावरही स्टेअरिंग वाकडं दिसतं. शिवाय अखंड अ‍ॅक्सलखालची जागा स्प्रिंगने वाढत नाही, त्यासाठी मोठे टायरच लागतात.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मुळे अशा बदलांवर निर्बंध आहेत. त्यामुळे विमा आणि आरटीओचा विचार काम करण्याआधी व्हावा. काम झालंच असेल तर अलाइनमेंटच्या दिवशीच हेडलाइटचे स्क्रूही खाली फिरवून घ्यावेत, कारण नाकाबरोबर झोतही वर गेलेला असतो आणि तो थेट समोरच्याच्या डोळ्यांत जातो.