एक खोली, चार वयं

जून महिन्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, लोक घरी सापडतात. म्हणून पाचूबंदरच्या वस्तीत आम्ही तेव्हाच रक्तदाब तपासायला बसतो. एका आजींचा रक्तदाब बराच वाढलेला होता. जीभ कोरडी, लघवीला जळजळ. आम्ही विचारलं, "आजी, पाणी किती पिता?"

"चारनंतर घोटभरसुद्धा नाय, सिस्टर. रात्री उठायचं म्हणजे तिघांच्या अंगावरून जायचं, मग अंधारात त्या संडासापर्यंत."

रक्तदाबाची गोळीही त्यांनी बंद केली होती, कारण ती घेतली की लघवी जास्त होते. म्हणजे दुखणं आजींचं, पण त्याचं कारण घरात कोण कुठे झोपतं यात होतं. हे कारण केसपेपरवर कुणी लिहीत नाही.

त्या खोलीत पाच माणसं राहतात. बहात्तरीच्या आजी. शेहेचाळीस वर्षांचा मुलगा, रात्रपाळीचा वॉचमन. चाळिशीची सून. सासर सोडून आलेली पस्तिशीची मुलगी. आणि बावीस वर्षांचा नातू, पहाटेच्या लोकलने कामाला जाणारा. पाचहीजण सज्ञान, पण प्रत्येकाची झोप, भूक, औषधाची वेळ वेगळी. मुलगा सकाळी येऊन झोपतो, तेव्हा घरात कुकरच्या शिट्ट्या सुरू. नातू रात्री मोबाईल बघतो, त्या उजेडात आजी जाग्या. सून सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खाते. तिचं हिमोग्लोबिन आठ निघालं, याचं आम्हाला नवल वाटलं नाही.

आपल्यात लगेच म्हटलं जातं, जागाच नाही तर काय करणार? जागा कमी आहे हे खरंच. पण परळच्या डबक चाळीत एका खोलीत रामजी सुभेदारांनी काय केलं ते आठवा. त्याच खोलीत संसार, जातं, शेळी. मुलगा संध्याकाळी लवकर झोपायचा. वडील रात्री दोनपर्यंत जागे राहायचे, त्याला अभ्यासाला उठवायचे आणि मग स्वतः पडायचे. जागा वाढवता आली नाही, तेव्हा त्यांनी वेळ वाटून घेतला. बाबासाहेबांच्या या गोष्टीत आपण अभ्यास तेवढा बघतो, झोपेची वाटणी बघत नाही.

या घरातही तेच बसून ठरवलं. आजींची वळकटी दाराजवळ आली. रात्री लघवीसाठी झाकणाची बादली आडोशाला ठेवली, सकाळी ती कुणी रिकामी करायची याची पाळी लावली. त्यात नातूही आहे. (त्याने तोंड वाकडं केलं, पण करतो.) गोळीचं डॉक्टरांना विचारून घेतलं. लघवी वाढवणारी गोळी बहुतेकदा सकाळी घ्यायची असते. गोळी त्रास देते म्हणून आपल्या मनाने सोडायची नाही, वेळ बदलून मागायची. जळजळीसाठी लघवी तपासून औषध सुरू झालं. सुनेचं ताट आता सगळ्यांबरोबर वाढलं जातं, आणि लोहाच्या गोळ्या चालू आहेत.

अशा खोलीत खोकल्याकडे दुर्लक्ष नको. कुणाचाही खोकला दोन आठवड्यांवर गेला तर बेडका तपासायचा. सरकारी दवाखान्यात फुकट होतो. क्षयरोग निघाला तर घरातल्या बाकीच्यांचीही तपासणी होते, आणि आजार नसेल तर प्रतिबंधाचं औषध मिळतं. म्हणून लपवू नका. रुग्णाला वाळीत टाकायची गरज नाही. खिडकी उघडी ठेवा, खोकताना तोंडाला फडकं धरायला सांगा, औषध पूर्ण होऊ द्या.

उलट बाजूही आम्ही बघतो. मुलं नालासोपारा-विरारला भाड्याने जातात, म्हातारी माणसं मागे राहतात. 2017-18 मध्ये देशभर 45 वर्षांवरच्या सुमारे 72 हजार लोकांची पाहणी झाली. त्यात साठीपुढच्या शंभरातले साधारण सहाजण एकटे आणि वीसजण फक्त जोडीदाराबरोबर राहताना आढळले. एकट्या माणसाच्या पडण्याची खबर सकाळपर्यंत कुणाला लागत नाही. शेजारच्या एका घराशी ठरवून ठेवा: सकाळी सातपर्यंत दार उघडलं नाही तर हाक मारायची.

आईवडिलांना बघायचं कुणी, यावर 2007 चा कायदा आहे. प्रांत अधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, वकील लागत नाही, महिना दहा हजारांपर्यंत निर्वाहखर्च ठरू शकतो. त्यात मुलगा आणि मुलगी दोघंही जबाबदार आहेत. "मुलीच्या दारी कसं राहायचं" हे आम्ही आपल्या बौद्ध घरांतही ऐकतो, आणि आम्हाला राग येतो. सिगालोवाद सुत्तात मुलांची कर्तव्यं आहेत तशी आईवडिलांचीही आहेत. योग्य वेळी वारसा हाती देणं त्यातलंच एक. मात्र घर मुलांच्या नावावर करताना, आम्हाला सांभाळायचं, ही अट कागदावर लिहून घ्या. अट लिहिलेली असेल आणि पाळली नाही, तर याच कायद्याखाली तो व्यवहार रद्द करून मागता येतो. भांडण अर्जापर्यंत जायच्या आधी ज्येष्ठांच्या 14567 या मोफत क्रमांकावर फोन करता येतो.

परवा त्या आजींकडे पुन्हा गेलो. रक्तदाब उतरलाय, पाणी संध्याकाळी सातपर्यंत पितात. पंखा कुणाच्या बाजूला फिरवायचा यावरून मुलगी आणि नातू यांचं भांडण मात्र अजून चालू आहे.