आर्गो सागर-निरीक्षण कार्यक्रम : खुली आधारसामग्री आणि तिची पारख

प्रस्तावना

हवामानबदलाची चर्चा बहुधा हवेच्या तापमानाभोवती फिरते. प्रत्यक्षात हरितगृह वायूंमुळे पृथ्वीवर साठणाऱ्या अतिरिक्त उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक उष्णता महासागर शोषून घेतात. पृथ्वी किती तापत आहे हे जाणण्यासाठी म्हणूनच समुद्राच्या अंतरंगाची नियमित मोजमापे आवश्यक ठरतात. उपग्रहांना समुद्राचा पृष्ठभाग दिसतो. खोल पाण्याचे तापमान त्यांना मोजता येत नाही. विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत हे काम प्रामुख्याने जहाजांवरून होत असे. त्यामुळे जहाजांच्या नेहमीच्या मार्गांवर नोंदी पुष्कळ, तर दक्षिण गोलार्धातील विस्तीर्ण सागरी प्रदेशांत, विशेषतः हिवाळ्यात, त्या अत्यल्प अशी विषम स्थिती होती. ही उणीव भरून काढण्यासाठी आर्गो हा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम उभा राहिला. त्याची कार्यपद्धती, सामूहिक रचना, आधारसामग्रीची पारख आणि महाविद्यालयीन संशोधनातील तिचा उपयोग यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी

पाण्यात ठरावीक खोलीवर तरंगत राहणाऱ्या उपकरणाची कल्पना जुनी आहे. ब्रिटिश सागरवैज्ञानिक जॉन स्वॅलो यांनी १९५५ मध्ये अशी उपकरणे वापरून खोल प्रवाहांचा मागोवा घेतला. पुढे १९९० च्या सुमारास अमेरिकेत रस डेव्हिस व डग्लस वेब यांनी आपोआप खाली-वर करणारा व उपग्रहाद्वारे आपले स्थान कळविणारा फ्लोट विकसित केला. या तंत्राच्या आधारे १९९८-९९ मध्ये जागतिक जाळ्याची योजना आखण्यात आली आणि लगोलग फ्लोट समुद्रात सोडण्यास आरंभ झाला. ग्रीक पुराणकथेतील जेसन या वीराच्या नौकेचे नाव आर्गो. समुद्रपातळी मोजणाऱ्या जेसन उपग्रहाला पूरक असा हा कार्यक्रम असल्याने त्यास हे नाव देण्यात आले. ३००० फ्लोटचे मूळ उद्दिष्ट २००७ मध्ये पूर्ण झाले. पुढे ही संख्या ४००० च्या आसपास पोहोचली.

कार्यपद्धती

फ्लोट हे माणसाच्या उंचीएवढे नळकांडे असते. त्याच्या तळाशी रबरी पिशवी असते. आतील तेल पंपाने या पिशवीत ढकलले की फ्लोटचे आकारमान वाढते, घनता घटते व तो वर येतो. तेल आत ओढून घेतले की तो बुडू लागतो. वजन न बदलता केवळ आकारमान बदलून साधलेली ही हालचाल आर्किमिडीजच्या तत्त्वाचे सुरेख उदाहरण आहे. फ्लोट सुमारे १००० मीटर खोलीवर प्रवाहाबरोबर नऊ-दहा दिवस वाहत राहतो, मग २००० मीटरपर्यंत उतरतो आणि तेथून वर येताना तापमान, क्षारता व दाब मोजतो. पृष्ठभागावर आल्यावर तो या नोंदी उपग्रहाकडे पाठवितो व पुन्हा खाली जातो. खोलीनुसार घेतलेल्या नोंदींच्या अशा एका संचाला प्रोफाइल म्हणतात. तापमान ०.००२ अंश सेल्सिअसपर्यंत अचूक मिळावे, ही अपेक्षा असते. २०१२ मध्ये अशा प्रोफाइलची संख्या दहा लाखांवर, तर २०१८ मध्ये वीस लाखांवर गेली.

सामूहिक रचना

आर्गोची मालकी कोणत्याही एका संस्थेकडे नाही. सहभागी देश आपापले फ्लोट खरेदी करतात, सोडतात आणि त्यांची आधारसामग्री आपल्या राष्ट्रीय केंद्रांत तपासतात. तेथून ती फ्रान्समधील ब्रेस्ट व अमेरिकेतील मॉन्टेरे येथील दोन जागतिक केंद्रांकडे जाते आणि मोजमापानंतर साधारणपणे २४ तासांत सर्वांसाठी विनामूल्य खुली होते. संशोधकाने आधी स्वतःचा निबंध प्रसिद्ध करावा आणि मग नोंदी इतरांना द्याव्यात, ही सागरविज्ञानातील जुनी वहिवाट आर्गोने मोडली. फ्लोट वाहत दुसऱ्या देशाच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात शिरल्यास काय करावे, हा नाजूक प्रश्नही या रचनेसमोर होता. त्यासाठी युनेस्कोच्या आंतरशासकीय सागरवैज्ञानिक आयोगाने १९९९ व २००८ मध्ये ठराव करून पूर्वसूचनेची पद्धत घालून दिली.

सहभागी देशांच्या सुकाणू समितीची व आधारसामग्री व्यवस्थापन गटाची बैठक दरवर्षी भरते. व्यवस्थापन गटाची २०१२ मधील बैठक हैदराबाद येथे झाली. फ्लोट सोडण्याच्या कामी संशोधन नौकांखेरीज मालवाहू जहाजे व शिडाच्या नौकाही साह्य करतात. न्यूझीलंडची काहारोआ ही छोटी संशोधन नौका या कामात जगात अग्रेसर ठरली. दक्षिण महासागरातील फ्लोटच्या बाबतीत अमेरिकेत शालेय वर्गांना फ्लोट दत्तक देण्याचा उपक्रम चालविण्यात आला. विद्यार्थी फ्लोटला नाव देतात आणि त्याने पाठविलेल्या नोंदींचे आलेख काढतात.

चूक आणि तिची दुरुस्ती

खुलेपणाचे खरे मोल एका चुकीच्या प्रसंगी दिसून आले. जॉन लायमन, जॉश विलिस व ग्रेगरी जॉन्सन यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात २००३ ते २००५ या काळात समुद्राचा वरचा ७५० मीटरचा थर थंड झाल्याचे अनुमान मांडले. हे अनुमान इतर पुराव्यांशी जुळत नव्हते. उपग्रहांच्या नोंदींत समुद्रपातळी वाढतच होती. पाणी थंड होऊन आकुंचन पावत असेल तर पातळीच्या वाढीचे स्पष्टीकरण देणे कठीण होते.

फेरतपासणीत दोन कारणे आढळली. काही फ्लोटच्या नोंदींत मोजलेले तापमान चुकीच्या दाबाशी, म्हणजेच चुकीच्या खोलीशी जोडले गेले होते. त्यामुळे पाणी होते त्याहून थंड भासत होते. दुसरे कारण जुन्या साधनांत होते. जहाजावरून टाकून दिले जाणारे, एकदाच वापरायचे तापमापक किंचित अधिक तापमान दाखवीत. एकूण नोंदींतील त्यांचे प्रमाण आर्गोमुळे घटत गेले, तसतशी सरासरी खाली येत गेली. हे दोन्ही दोष ध्यानात घेता थंडावा उरला नाही. लेखकांनीच २००७ मध्ये दुरुस्ती प्रसिद्ध केली.

येथे दोन बाबी लक्षणीय ठरतात. मूळ नोंदी सर्वांना उपलब्ध असल्याने त्या स्वतंत्रपणे पडताळता आल्या. तसेच मोजमापाच्या साधनांचे मिश्रण बदलले तर निसर्गात काहीही न बदलता आलेखात कल दिसू शकतो, हे स्पष्ट झाले. हा दुसरा धडा सागरविज्ञानापुरता मर्यादित नाही. जनगणना, पर्जन्यमापन, आरोग्य सर्वेक्षण अशा कोणत्याही दीर्घकालीन मालिकेला तो लागू पडतो.

भारतीय संदर्भ

हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र १९९९ मध्ये स्थापन झाले. भारताच्या फ्लोटची आधारसामग्री ते हाताळते व हिंदी महासागरासाठी प्रादेशिक केंद्र म्हणूनही काम पाहते. या प्रदेशात क्षारतेचे महत्त्व विशेष आहे. अरबी समुद्रात बाष्पीभवन अधिक असल्याने पाणी खारट असते. बंगालच्या उपसागरात मोठ्या नद्यांच्या गोड्या पाण्याचा हलका थर वर पसरतो आणि खालचे पाणी वर मिसळू देत नाही. चक्रीवादळाला मिळणारी उष्णता केवळ पृष्ठभागाच्या तापमानावर अवलंबून नसते; उबदार थर किती जाड आहे यावरही ती ठरते. जून २०२० मध्ये रायगड किनाऱ्यावर आदळलेले निसर्ग आणि मे २०२१ मध्ये कोकण किनाऱ्याला समांतर गेलेले तौक्ते या वादळांनंतर हा विषय महाराष्ट्राच्या निकट आला आहे.

मर्यादाही ध्यानी घ्याव्या लागतात. दोन फ्लोटमधील अंतराचे जागतिक उद्दिष्ट सुमारे ३०० किलोमीटर आहे आणि उथळ किनारी पाण्यासाठी हे जाळे आखलेले नाही. कोकणातील एखाद्या खाडीच्या अभ्यासासाठी आर्गो उपयोगी पडणार नाही. तेथे प्रत्यक्ष नमुनेच घ्यावे लागतील.

महाविद्यालयांसाठी उपयोग

आर्गोच्या नोंदी मिळविण्यासाठी जहाज लागत नाही. संगणक व इंटरनेट पुरेसे असते. भौतिकशास्त्र, भूगोल, संख्याशास्त्र व संगणकशास्त्र या विभागांना संयुक्त प्रकल्प हाती घेता येतील. अरबी समुद्राच्या मध्यभागी मान्सूनपूर्वी व नंतर उबदार थराची जाडी कशी बदलते, हा पदवी स्तरावरील सुलभ विषय होय.

तथापि काही पथ्ये आवश्यक आहेत. प्रत्येक नोंदीसोबत गुणवत्तेचा अंक असतो : १ म्हणजे योग्य, ४ म्हणजे सदोष. तात्काळ मिळणाऱ्या फाईलच्या नावाआधी ‘आर’ हे अक्षर असते. ती यांत्रिक चाचण्यांतून गेलेली असते. तज्ज्ञांनी नंतर सावकाश तपासलेल्या फाईलला ‘डी’ हे अक्षर असते. दीर्घकालीन कल काढताना ‘डी’ फाईलच वापराव्यात, कारण क्षारता मोजणारे संवेदक काळाच्या ओघात भरकटू शकतात.

समारोप

आर्गोची पुढील वाटचाल तीन अंगांनी योजली आहे : २००० मीटरपर्यंतचे मूळ जाळे, त्याखाली जाणारे खोल फ्लोट, आणि प्राणवायू, नायट्रेट, आम्लता आदी घटक मोजणारे जैव-भूरासायनिक फ्लोट. एकूण उद्दिष्ट सुमारे ४७०० फ्लोटचे आहे. एक फ्लोट साधारणपणे चार-पाच वर्षे टिकतो. त्यामुळे केवळ ४००० चे जाळे राखण्यासाठीही दरवर्षी सुमारे ८०० नवे फ्लोट सोडावे लागतात. त्यांपैकी जवळपास निम्मा भार अमेरिकेने उचलला आहे. सहभागी देशांचे अर्थसाहाय्य ऐच्छिक असल्याने एखाद्या मोठ्या देशाने हात आखडता घेतल्यास मालिकेत खंड पडू शकतो, आणि न घेतलेले मोजमाप मागाहून घेता येत नाही. उपयोग करणारे वाढले तर अशा सार्वजनिक संचिताच्या रक्षणाची मागणीही बळकट होते. या दृष्टीने महाविद्यालयांनी ही आधारसामग्री वापरणे, पारखणे व तिच्यातील शंका संबंधित केंद्रांना कळविणे हे शैक्षणिक कार्याइतकेच सामाजिक उत्तरदायित्वही ठरते.