संधिवाताची ओळख : सूज उतरल्यावरही उरणारा थकवा

आमवात, म्हणजे डॉक्टरांच्या बोलण्यातला ‘आरए’, आणि त्याच कुळातले इतर दीर्घकालीन संधिवात यांत येणारा थकवा श्रमाच्या थकव्याहून निराळा असतो. श्रमाचा थकवा रात्रीच्या झोपेने उतरतो. हा मात्र सकाळी डोळे उघडतात तेव्हाच अंगात असतो. आदल्या दिवशी काही विशेष काम झालेले नसतानाही तो येतो, आणि त्याच्याबरोबर डोकेही मंदावते. वाचलेले लक्षात राहत नाही, रोजचा हिशेब चुकतो. आमवात, ल्युपस, शोग्रेन्स सिंड्रोम, अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस यांपैकी कोणताही आजार घेतला, तरी जवळपास निम्म्या रुग्णांना तीव्र थकवा असतो. फायब्रोमायाल्जियात हे प्रमाण आणखी बरेच वर जाते.

इतकी सर्रास असणारी ही तक्रार बराच काळ मोजमापाबाहेर राहिली. आमवात किती जोरात आहे हे ठरवण्यासाठी ‘डीएएस-२८’ हा निर्देशांक वापरतात. २८ सांध्यांपैकी किती सुजले आहेत, किती दाबल्यावर दुखतात, रक्तातला दाह दाखवणारा ईएसआर किंवा सीआरपी किती आहे आणि रुग्णाला एकंदर कसे वाटते, यावरून तो काढला जातो. थकव्याला त्यात स्वतंत्र जागा नाही. मणक्याच्या संधिवातासाठी इंग्लंडमधील बाथ येथे १९९४ मध्ये तयार झालेल्या ‘बॅसडाय’ प्रश्नावलीत मात्र सहापैकी पहिलाच प्रश्न थकव्याचा आहे. आमवाताच्या औषधचाचण्यांमध्येही थकवा मोजला जावा, असे ‘ओमेरॅक्ट’ या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २००६ मध्ये माल्टा येथे ठरवले. त्या गटात बोलावलेल्या रुग्णांनी हा विषय लावून धरला नसता, तर तेव्हाही तो मागेच पडला असता.

थकव्याचे पहिले कारण म्हणून दाहाकडे बोट दाखवले जाते, आणि ते चूक नाही. सुजलेल्या सांध्यांत तयार होणारी टीएनएफ, आयएल-१ आणि आयएल-६ ही रसायने रक्तातून मेंदूपर्यंत संदेश पोहोचवतात. फ्लूमध्ये अन्न नकोसे होते, माणूस पांघरूण ओढून पडून राहतो, ते याच यंत्रणेमुळे. फ्लूत ती आठवडाभर चालते, आमवातात वर्षानुवर्षे. टीएनएफ रोखणारे इन्फ्लिक्सिमॅब दिल्यावर २४ तासांतच मेंदूतील वेदनेशी निगडित हालचाल कमी होते, सांध्यांची सूज आणि सीआरपी उतरण्याच्याही आधी, असे जर्मनीतील संशोधकांना २०११ मध्ये दिसले. दाह आणि मेंदू यांचे नाते किती थेट आहे हे त्यातून कळते.

तरीही हिशेब इथे पुरा होत नाही. टीएनएफसारखी रसायने रोखणाऱ्या ‘बायोलॉजिक’ औषधांनी सूज झपाट्याने उतरते, पण थकवा त्या मानाने थोडाच कमी होतो. आजार पूर्ण आटोक्यात आलेल्यांपैकीही अनेकांचा थकवा तसाच राहतो. थकव्याचा मेळ सुजलेल्या सांध्यांच्या संख्येशी किंवा ईएसआरशी फारसा बसत नाही. वेदना, झोप आणि मनाची अवस्था यांच्याशी तो अधिक बसतो. ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, आता काही नाही’ हे ओपीडीत ऐकू येणारे उत्तर म्हणूनच अपुरे आहे.

काही कारणे शोधली तर सापडतात, आणि त्यांवर उपचारही असतो. सर्वांत आधी रक्त. दाहामुळे, मुख्यतः आयएल-६ मुळे, यकृतात हेप्सिडिन वाढते. हेप्सिडिन आतड्यातून लोह शोषले जाऊ देत नाही आणि साठ्यातले लोह बाहेर येऊ देत नाही. लोह शरीरात असूनही रक्तपेशींना मिळत नाही. आमवात पुरुषांपेक्षा स्त्रियांत दोन ते तीन पट अधिक आढळतो. आणि महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांना मुळातच ॲनिमिया आहे. दाहाने अडलेले लोह आणि लोहाची मुळातली कमतरता हे दोन्ही प्रकार एकाच बाईत एकत्र असतील, तर लोहाचा साठा दाखवणाऱ्या फेरिटिनच्या नुसत्या आकड्यावर विसंबता येत नाही, कारण दाहात फेरिटिन आपोआप चढते आणि लोहाची कमतरता झाकली जाते. थायरॉइड मंदावण्याचे प्रमाणही या रुग्णांत अधिक असते, तेव्हा टीएसएच तपासणे ओघानेच आले.

औषधांचाही वाटा असतो. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रविवारी रात्री गोळ्या घेणाऱ्या काहींचा सोमवार मळमळ आणि ग्लानीत जातो. फोलिक ॲसिडने हा त्रास बऱ्याचदा सौम्य होतो, आणि डॉक्टरांना विचारून वार बदलला तरी कामाचा दिवस वाचतो. प्रेडनिसोलोनने सुरुवातीला तरतरी येते, पण संध्याकाळी घेतल्यास झोप उडते आणि दीर्घकाळ घेतल्यास स्नायू झिजतात. ते एकदम थांबवले तर अंगातले त्राण जाते, रक्तदाब घसरतो, प्रसंगी जिवावर बेतते. कसलेही नाव नसलेल्या ‘वाताच्या पुडी’त कधी कधी स्टेरॉइड मिसळलेले असते, अशी पुडी बंद केल्यावर येणारी मरगळ मूळ आजाराची समजली जाते.

झोप आणि वेदना यांची साखळी सर्वांत चिवट. कुशीवर वळताना खांदा दुखतो आणि जाग येते. शोग्रेन्समध्ये तोंड कोरडे पडते, म्हणून पाण्यासाठी उठावे लागते. मणक्याच्या संधिवातात रात्रीच्या उत्तरार्धात पाठ आखडते. मोडलेल्या झोपेनंतर वेदनेची सहनशक्ती घटते, आणि वाढलेली वेदना पुढची रात्र बिघडवते. नैराश्य या साखळीत कुठूनही शिरते. ते आजाराचा परिणाम असते आणि थकव्याचे कारणही. मात्र ‘मनाचे आहे’ असे म्हणून थकवा बाजूला सारण्याला यातून आधार मिळत नाही.

स्नायूंचे काय होते, याकडे कमी लक्ष जाते. दाहामुळे स्नायू घटतात, दुखते म्हणून हालचाल कमी होते, तेव्हा ते आणखी घटतात. मग जिना चढायलाही पूर्वीपेक्षा जास्त जोर लागतो. वजन तेवढेच राहिल्याने हा बदल काट्यावर दिसत नाही, कारण स्नायूंची जागा चरबी घेते. याच्या उलट टोकाला अतिश्रम असतात. बरे वाटलेल्या दिवशी दिवाळीची सगळी आवराआवर एका झपाट्यात उरकायची आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात काढायचे, असा हा क्रम असतो. घरात कणीक मळण्यापासून पाणी भरण्यापर्यंतची कामे वाटून घेणारे कोणी नसेल, तर तो टाळणे रुग्णाच्या हाती फारसे उरत नाही. ब्रिस्टलच्या सेरा ह्यूलेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये थकव्याची मांडणी केली, तेव्हा आजार आणि रुग्णाचे विचार-वर्तन यांच्या जोडीला घर, नोकरी, जबाबदाऱ्या यांनाही त्यांनी समान स्थान दिले, ते यामुळेच.

उपायांत सर्वांत भक्कम पुरावा व्यायामाच्या बाजूने आहे, थकलेल्या माणसाला हे ऐकायला कितीही विचित्र वाटले तरी. चालणे, पोहणे, हलके वजन उचलणे यांपैकी काहीही थोडक्यात सुरू करून हळूहळू वाढवायचे असते. ब्रिटनमधील ‘लिफ्ट’ चाचणीत, जिचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले, प्रशिक्षित आरोग्यकर्मचाऱ्यांनी फोनवरून दिलेले व्यायामाचे मार्गदर्शन आणि विचार-वर्तनावर आधारित समुपदेशन या दोन्हींनी थकवा कमी झाला, आणि वर्षभरानंतरही तो फरक टिकून होता. युरोपीय संधिवाततज्ज्ञांच्या ‘युलार’ संघटनेने २०२३ मध्ये दिलेल्या शिफारशीही याच दिशेच्या आहेत: थकव्याची विचारपूस नियमित व्हावी आणि उपचार माणूस पाहून ठरावेत. नेहमीचा थकवा अचानक वाढला, सोबत ताप, वजनातील घट किंवा धाप असेल, तर मात्र व्यायामाचा विचार बाजूला ठेवून आधी जंतुसंसर्ग, हृदय-फुफ्फुसांचे विकार आणि औषधांचे दुष्परिणाम तपासले जातात.