मथळा वाचून मोकळे

सिल्वासाच्या टोकरखाड्यात मी मनानेच एक काका बसवले आहेत. वर्तमानपत्रातला मथळा तेवढा वाचायचा ही त्यांची सवय. खालची बातमी म्हणजे रकाना भरायला घातलेला मजकूर, असं त्यांचं ठाम मत. भज्यांच्या पुडीचा कागद असो की सकाळी दारात पडलेला अंक, तारखेकडे ते बघत नाहीत. दादरा-नगर हवेलीचा अडीचशे वर्षांचा इतिहास अशा माणसाच्या हाती मथळ्यामथळ्याने दिला, तर काय होईल? मथळे मी रचलेत, घटना खऱ्या आहेत. आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे पुढे उलटंच वाटू लागेल.

‘जहाजाच्या बदल्यात 72 गावे’. मराठ्यांच्या आरमाराने 1772 साली पोर्तुगीजांचं ‘सांताना’ जहाज पकडलं. मग 1779 मध्ये मैत्रीचा तह झाला, भरपाई म्हणून वर्षाला 12,000 रुपये वसुलीची गावं द्यायची ठरली, आणि 1783 मध्ये नगर हवेली पोर्तुगीजांकडे गेली. पहिलं मराठी वर्तमानपत्र ‘दर्पण’ निघायला अजून 49 वर्षं होती, म्हणून हा मथळा कुणी छापला नाही. छापला असता तर काका लगेच हिशेबाला बसले असते. जहाजाला 72, तर मचव्याला किती? साध्या होडीला टोकरखाडा एकटा पुरेल का? दमणगंगेत होडी लोटणाऱ्याला त्यांनी काठावरूनच बजावलं असतं, ‘बाबा रे, कुणाला धक्का लावू नकोस, आम्ही भरपाईत जाऊ.’

त्यानंतर पावणेदोनशे वर्षं काकांना विशेष वाचायला नाही. एकदम 1954. दादरा 22 जुलैला सुटलं, सिल्वासा 2 ऑगस्टला. लढ्यात आझाद गोमंतक दलाची माणसं होती, संघाचे स्वयंसेवक होते आणि चक्क संगीतकार सुधीर फडके होते. ‘गीतरामायण’ अजून व्हायचं होतं, ते पुढच्या वर्षी. ‘मुक्तिलढ्यात सुधीर फडके’ एवढंच वाचून काकांनी सतरंजी काखोटीला मारली आणि पहिल्या रांगेचं तिकीट कुठे मिळतं ते विचारत निघाले. पोर्तुगीज कॅप्टन फिदाल्गो आपली फौज घेऊन खानवेलकडे पळाला, हा दुसरा मथळा हाती आला तेव्हा ते एवढंच म्हणाले, ‘सगळ्यांनाच गाणं सोसतं असं नाही.’

फिदाल्गो 11 ऑगस्टला उदव्याला शरण आला. मग पुढची सात वर्षं हा मुलूख ना पोर्तुगालचा, ना कायद्याने भारताचा. कारभार वरिष्ठ पंचायतीकडे. टपालाची तिकिटं पोर्तुगीजांचीच, वर मुक्त प्रदेशाचा छाप मारलेली.

इकडे पोर्तुगालने कोर्टाची पायरी चढायचं ठरवलं. संयुक्त राष्ट्रांत प्रवेश मिळाला 14 डिसेंबर 1955ला आणि हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारतावर दावा ठोकला 22 डिसेंबरला. नव्या सभासदाने आठ दिवसांतच शेजाऱ्याची तक्रार सोसायटीच्या चिटणिसाकडे न्यावी, तसं झालं. आमच्या ताब्यातल्या दमणहून भारतातून या गावांकडे जायच्या वाटेवर आमचा हक्क आहे, ही मागणी. निकाल 12 एप्रिल 1960ला. खाजगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यापुरता वाटेचा हक्क होता, तोही भारताच्या नियंत्रणाखाली. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि हत्यारं यांना नव्हता. आणि 1954 मध्ये भारताने वाट अडवली, यात काही चुकलं नाही. म्हणजे वाट तुमची, पण अडवली ती बरोबरच अडवली. ‘वाटेचा हक्क मान्य’ हा मथळा वाचून काकांनी तो बातमीसकट कापून खिशात ठेवला आणि शेजाऱ्याच्या कुंपणातून ये-जा सुरू केली. शेजाऱ्याने काठी उगारली तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, ‘हत्यार जवळ बाळगणारे तुम्ही. हक्क कुणाला नाही म्हणाले?’

पण खरी मौज पुढची. विलीनीकरणाच्या करारावर भारतातर्फे पंतप्रधान नेहरू सही करणार. समोरून कोण? तोडीस तोड माणूस हवा. तेव्हा भारताने पाठवलेले सनदी अधिकारी के. जी. बदलानी यांना एका दिवसापुरतं पंतप्रधान केलं, त्यांनी सही केली आणि देश विसर्जित केला. तारीख पुन्हा 11 ऑगस्ट, साल 1961. असं काल्पनिक कथेत लिहिलं तर संपादक साभार परत करतील.

‘बदलानी पंतप्रधान’ हा मथळा वाचून काका विहिरीच्या गाळाचा अर्ज घेऊन पहाटेच रांगेत उभे. कारकुनाने सवयीने सांगितलं, ‘उद्या या.’ दुसऱ्या दिवशी गेले तर पंतप्रधान नाहीत, पद नाही, देशही नाही. अर्ज आहे. विरोधकांचे हाल त्याहून वाईट. अविश्वासाच्या ठरावाची नोटीस लिहून शाई वाळेपर्यंत कारकीर्द संपली. संसदेचंही तेच झालं. दहावी घटनादुरुस्ती मागाहून झाली आणि मागे जाऊन 11 ऑगस्टपासून लागू करावी लागली. सरकार ‘आजपासून’ म्हणतं तेव्हा ‘मागच्या की पुढच्या?’ असं काका विचारतात ते तेव्हापासून.

शेवटचा मथळा अलीकडचा, 26 जानेवारी 2020चा. दोन केंद्रशासित प्रदेश एक झाले आणि नाव पडलं ‘दादरा आणि नगर हवेली आणि दमण आणि दीव’. तीन ‘आणि’. उपसंपादकांची पंचाईत अशी की नाव छापलं की बातमीला जागा उरत नाही. काकांना ही व्यवस्था आदर्श वाटते. राजधानी मात्र दमणला. सिल्वासाहून तिकडे जायचं तर वापी लागते, म्हणजे दारूबंदीचा गुजरात ओलांडायचा. इकडे बाटली चालते, तिकडेही चालते, मधे चालत नाही. पिशवी घेऊन निघालेल्या काकांना वापीच्या नाक्यावर हवालदाराने अडवलं. काकांनी खिशातून 1960चं ते पिवळं कात्रण काढलं आणि त्याच्यापुढे धरलं : खाजगी माणूस मी, पिशवीत आहे तो माल, हत्यार एकही नाही. हवालदाराने कात्रण नीट वाचलं, अगदी खालच्या बारीक अक्षरांपर्यंत, आणि बोट ठेवून दाखवलं की वाट असते ती भारताच्या नियंत्रणाखाली.