मास्तरांच्या घराचे देऊळ

आज मी तुम्हांला चीन देशातल्या एका थोर शिक्षकाच्या गावाची माहिती सांगणार आहे. मी तिथे गेलेलो नाही. आमच्या गुरुजींनी नकाशात गाव दाखवले आणि सगळे समजावून सांगितले.

गावाचे नाव छुफू. ते शानतुंग प्रांतात आहे. तिथे कन्फ्यूशिअस नावाचे मास्तर होते. गरीब असो की श्रीमंत, शिकायला येईल त्याला ते शिकवीत. इसवी सनापूर्वी ४७९ साली ते वारले. दुसऱ्याच वर्षी राजाने त्यांच्या घराचे देऊळ केले. घर फक्त तीन खोल्यांचे होते, असे सांगतात. आता तिथे शंभराहून जास्त इमारती आहेत! मुख्य देवळाला २८ दगडी खांब आहेत. पुढच्या १० खांबांवर ड्रॅगन कोरलेत. १७२४ साली वीज पडून देऊळ जळाले, पण ते परत बांधले.

एका बादशहाने जुनी पुस्तके जाळायचा हुकूम काढला होता. तेव्हा मास्तरांच्या वंशजांनी पुस्तके घराच्या भिंतीत लपवली, अशी गोष्ट तिथे सांगतात.

देवळाच्या शेजारी वंशजांचा वाडा आहे. त्यात १५२ इमारती आहेत. आतल्या घरात पाणक्याला जायला बंदी होती. तो बाहेरून भिंतीतल्या दगडी पन्हळीत पाणी ओतायचा, मग ते आत जायचे. एका भिंतीवर हावरट प्राण्याचे चित्र आहे. त्याच्याजवळ खूप धन आहे, तरी तो सूर्य गिळायला बघतो. हाव करू नये म्हणून ते काढलेय.

गावाच्या उत्तरेला दफनभूमी आहे. तिथे दाट झाडी आहे आणि एक लाखाहून जास्त कबरी आहेत. मास्तर वारले तेव्हा शिष्यांनी तीन वर्षे दुखवटा पाळला. मग सगळे रडत घरी गेले. पण त्सकुंग नावाचा शिष्य कबरीजवळ झोपडी बांधून आणखी तीन वर्षे राहिला.

१९६६ साली चीनमध्ये जुने ते सगळे मोडा अशी चळवळ झाली. तरुणांनी येऊन कबर खणली आणि तिच्यावरची शिळा फोडली. त्यांत शिक्षक तयार करणाऱ्या विद्यापीठाचे विद्यार्थी होते! हे ऐकून आमचा वर्ग एकदम गप्प झाला. पुढे लोकांनी तुकडे जोडून शिळा परत उभी केली. १९९४ साली युनेस्कोने देऊळ, वाडा आणि दफनभूमी यांना जागतिक वारसा ठरवले.

शिळेवरच्या चिरा अजून दिसतात. मी कधी तिथे गेलो, तर ड्रॅगनच्या खांबांआधी त्या चिरा बघेन. शिकणाऱ्या मुलांनीच ती जागा सांभाळली आणि शिकणाऱ्या मुलांनीच ती फोडली. आपण त्सकुंगसारखे व्हावे, असे मला वाटते.