फळीवर उभे राहण्याची विद्या

तोल सांभाळणे ही माणसाची पहिली विद्या. मूल चालू लागते तेव्हा ती शिकते आणि पुढे आयुष्यभर तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. लक्ष जाते ते पायाखालचा आधार सरकू लागल्यावर. आज मला ज्या विषयाची फोड करावयाची आहे, तो अशा सरकत्या फळीवर उभ्या राहिलेल्या माणसाचा आहे.

अशी फळी आपल्या ओळखीच्या दोन ठिकाणी आढळते. एक बर्फाच्या उतारावर. तिला स्नोबोर्ड म्हणतात, आणि १९९८ साली जपानातील नागानो येथे भरलेल्या हिवाळी ऑलिंपिकपासून तिच्या स्पर्धांना ऑलिंपिकमध्ये स्थान आहे. दुसरी आपल्या मुळशी तालुक्यातील भातखाचरात. तिला आपण नुसते फळी म्हणतो. कोकणात गुटा म्हणतात. पौडच्या पश्चिमेला ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या भात लावला गेला, त्या घरातला मुलगा आज हिंजवडीत नोकरी करतो, जानेवारीत रजा काढून गुलमर्गला जातो आणि तासाला पैसे मोजून फळीवर उभे राहायला शिकतो. त्यात गैर काही नाही. परंतु त्याच्या आजोबांना जी विद्या येत होती ती हीच, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. ते सांगावे, एवढाच माझा उद्देश.

प्रथम आपली फळी पाहू. चैत्र-वैशाखात राब भाजला जातो, मृगाच्या पावसाच्या सुमारास त्यात भात पेरले जाते, आणि रोपे तीन-चार आठवड्यांची झाली की लावणीची घाई उडते. त्याआधी खाचराची चिखलणी व्हावी लागते. बांध घालून पाणी तुंबवायचे आणि त्यात नांगराच्या उभ्या-आडव्या पाळ्या द्यायच्या. त्याने मातीची ढेकळे विरघळतात, तण गाडले जाते आणि मातीचे अतिसूक्ष्म कण खाली बसून भेगा बुजवतात. त्यामुळे पाणी झिरपून जाण्याचा वेग मंदावतो. ताम्हिणीच्या घाटमाथ्यावर कित्येक वर्षी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो; तरीही चिखलणी न केलेले खाचर चार दिवसांच्या उघडिपीत कोरडे पडते. पाणी पडणे आणि पाणी टिकणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

नांगर फिरल्यावर खाचरात उंचवटे आणि खळगे राहतात. उंचवट्यावर पाणी चढत नाही, तेथे तण माजते. खळग्यात रोप बुडून कुजते. आंबेमोहर असो की वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली बाहेर पडलेला इंद्रायणी असो, रोपाला सर्वत्र सारखे पाणी हवे. म्हणून बैलांच्या मागे सुमारे चार हात लांब आणि वीत-दीड वीत रुंद अशी जाड फळी आडवी जोडतात आणि तिच्यावर माणूस उभा राहतो. नुसती फळी चिखलावर तरंगत जाते. माणसाच्या वजनाने ती दाबली जाते. वजनासाठी दगड ठेवला तरी चालेल, मग माणूस कशाला? याचे उत्तर असे की दगडाला उंचवटा दिसत नाही.

फळीवरचा माणूस पाण्याकडे पाहात असतो. पाणी हीच त्याची पाणसळ. जेथे माती पाण्याच्या वर डोके काढते, तेथे तो चवड्यांवर भार देतो. फळीची पुढची कड खाली जाते, माती खरवडते आणि ती पुढे ढकलत नेते. पुढे खळगा आला की तो भार टाचांवर घेतो. पुढची कड उचलली जाते, साठलेला चिखल फळीखालून निसटतो आणि खळगा भरतो. डावीकडे उंच असेल तर डाव्या पायावर जोर, उजवीकडे असेल तर उजव्या. एका खाचरात ही देवघेव शेकडो वेळा होते, आणि करणाऱ्याला विचाराल तर तो म्हणेल, ‘काही नाही, नुसता उभा होतो.’

आता उभे राहण्याची रीत पाहा. पाय खांद्यांच्या रुंदीइतके फाकलेले. गुडघे सैल, कारण वाकलेला गुडघा हा गाडीच्या कमानीसारखा धक्के खातो; ताठ गुडघा ते कमरेला पोहोचवतो. नजर पायांकडे नाही, बैलांच्या पुढे बांधाकडे. बैल एकाएकी निघाले की माणूस मागे फेकला जातो आणि थबकले की पुढे. मागे पडणे म्हणजे चिखलाचे स्नान; पुढे पडणे म्हणजे बैलांच्या खुरांशी. म्हणून जाणता माणूस सुटताना पुढे आणि थांबताना मागे झुकलेला असतो. कासरा हातात धरतो, मनगटाला कधीही गुंडाळत नाही. बैल बुजले तर सोडता आला पाहिजे.

आता बर्फाकडे वळू. अमेरिकेतील मिशिगन राज्यात मस्कीगन गावी शेर्मन पॉपेन नावाच्या इंजिनिअरने १९६५ साली आपल्या मुलीसाठी बर्फावर घसरण्याच्या दोन पट्ट्या एकत्र जोडल्या. त्यावर उभे राहायचे, पाय बांधायचे नाहीत, आणि पुढच्या टोकाला बांधलेली दोरी हातात धरायची. ‘स्नर्फर’ या नावाने ती फळी विकली गेली. पुढे १९७० नंतरच्या दशकात जेक बर्टन कार्पेंटर, टॉम सिम्स वगैरे मंडळींनी तिच्यात सुधारणा केल्या, पाय बांधण्याची सोय केली, आणि तिच्यातून आजचा स्नोबोर्ड घडला. दोरी धरून उघड्या फळीवर उभा असलेला तो पहिला खेळाडू आपल्या खाचरातल्या गड्याने पाहिला असता, तर त्याला ओळख पटायला वेळ लागला नसता. बैलांच्या जागी डोंगराचा उतार, एवढाच फरक.

आजची बर्फावरची फळी साधारण १४० ते १६५ सेंटिमीटर लांब आणि २५ सेंटिमीटरच्या आसपास रुंद असते. आत लाकूड, वर-खाली काचतंतूंचे थर, तळाला प्लास्टिक, त्यावर मेण, आणि दोन्ही कडांना पोलादी पट्टी. पायांत मऊ बूट आणि ते फळीला आवळणारे पट्टे. हे पट्टे पडताना आपोआप सुटत नाहीत, म्हणून नवशिका हात टेकतो आणि मनगट मोडून घेतो. डोक्याला शिरस्त्राण आणि मनगटाला आधारपट्टी ही त्या खेळाची मुख्य संरक्षक साधने होत.

उभे राहण्याच्या प्रश्नावर तेथे पुष्कळ काथ्याकूट चालतो. पहिला प्रश्न, कोणता पाय पुढे? डावा पुढे ठेवणाऱ्याला ‘रेग्युलर’ म्हणतात, उजवा पुढे ठेवणाऱ्याला ‘गूफी’. दोन्ही रीती बरोबर. ओळखण्याची एक सोपी युक्ती अशी की, बेसावध माणसाला मागून हलकेच ढकलावे. तो जो पाय पुढे टाकून सावरतो तो बहुधा त्याचा पुढचा पाय. दुसरा प्रश्न, दोन पायांत अंतर किती? सुरुवातीला खांद्यांच्या रुंदीएवढे किंवा किंचित अधिक. तिसरा प्रश्न, पावलांचा कोन. पुष्कळ नवशिके दोन्ही पावले थोडी बाहेर वळवतात, बदकासारखी. त्याने गुडघ्यांना नैसर्गिक दिशा मिळते. ताज्या खोल बर्फात भार मागच्या पायाकडे नेतात, म्हणजे फळीचे नाक वर राहते आणि बर्फात घुसत नाही.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. बर्फावर फळी लांबीच्या दिशेने धावते आणि माणूस बाजूला तोंड करून उभा असतो. आपल्याकडे फळी आडवी ओढली जाते आणि माणूस समोर पाहतो. वरवर हे उलटसुलट दिसते. परंतु फळी आणि पाऊल यांचे नाते दोन्हीकडे तेच आहे: पावले फळीच्या लांबीवर फाकलेली, चवडे एका कडेला, टाचा दुसऱ्या. म्हणूनच बर्फावरचा अगदी पहिला धडा काय असतो? फळी उताराला आडवी धरायची, तोंड उताराकडे करायचे आणि टाचेची कड कमी-अधिक दाबत हळूहळू खाली घसरायचे. हा धडा म्हणजे आपली चिखलातली फळीच, बैल वगळून.

या विद्येला आपल्या देशात खेळाचे रूप मिळालेच नाही, असेही नाही. दक्षिण कन्नड आणि उडुपी जिल्ह्यांत कंबळ नावाच्या रेड्यांच्या शर्यती होतात. त्यांतील ‘हलगे’ या प्रकारात धावणारा माणूस रेड्यांमागच्या फळीवर उभा राहतो; एका प्रकारात तर उडालेले पाणी किती उंच गेले यावरून निकाल लागतो. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातही पावसाळ्यात चिखलातील नांगरणीच्या स्पर्धा होतात. १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र, कर्नाटक आणि तामिळनाडू या राज्यांचे अशा शर्यतींना मुभा देणारे कायदे उचलून धरले. शर्यतीच्या बैलांचा आणि रेड्यांचा विचार न्यायालयापर्यंत गेला. फळीवरच्या मजुराचा तेवढा जाईल, तो दिवस यायचा आहे.

कारण या कामात धोका आहे, आणि तो हंगामाच्या तोंडाशी सर्वांत अधिक असतो. कारखान्यात यंत्रावर आलेल्या नव्या कामगाराचे पहिले दिवस जपण्याचे असतात, हे आम्ही संघटनेत काम करणारे जाणतो. बर्फावरही तेच. पहिल्या बर्फाचा थर पातळ असतो, त्याखाली दगड आणि खुंट लपलेले असतात. म्हणून शहाणे खेळाडू तेव्हा जुनी फळी वापरतात आणि वेग आवरतात. उन्हाळाभर बसलेले शरीर पहिल्या दिवशी जुन्या हिशेबाने वागवू नये, हा त्यांचा नियम आहे.

खाचरात पहिल्या पाण्याखाली तसेच दगड असतात, वाहून आलेली काच असते, नांगराने उपटलेली मुळे असतात. चिखल अजून पुरता मुरलेला नसतो, म्हणून फळी अडखळत जाते. बैल उन्हाळाभर मोकळे असतात. त्यांचे खांदे मऊ पडलेले असतात आणि पहिल्याच दिवशी दिवसभर जुंपले तर जुवाखाली सोलतात. दुखऱ्या खांद्याचा बैल मध्येच थबकतो आणि फळीवरचा माणूस पुढे पडतो; म्हणजे बैलाचे दुखणे हे माणसाचेही दुखणे आहे. शिवाय जूनमधल्या दुपारी विजा पडतात. उघड्या खाचरात उभा माणूस हा आसपास सर्वांत उंच असतो. गडगडाट ऐकू येताच जनावरे सोडून पक्क्या घराखाली जावे, एकट्या झाडाखाली कधी जाऊ नये.

आणि आपल्या गड्याची साधने कोणती? पायांत काही नाही, कारण चिखल पादत्राण गिळतो. डोक्यावर घोंगडीची खोळ किंवा प्लास्टिकचा कागद. इरले वाकून लावणी करणाऱ्या बाईच्या पाठीला शोभते. फळीवर उभ्या माणसाला ते वाऱ्याने ओढते. सतत ओल्या राहणाऱ्या बोटांत चिखल्या होतात, कातडी फुटते, आणि त्या भेगांतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शरीरात शिरतात. हे जंतू उंदरांच्या आणि जनावरांच्या मूत्रातून पाण्यात येतात. लावणीच्या दिवसांत एकाएकी ताप, पोटऱ्यांत कळा आणि डोळ्यांत लाली दिसली, तर अंगावर न काढता आरोग्यकेंद्रात जावे आणि ‘मी खाचरात काम करतो’ हे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. या एका वाक्याने निदान लवकर होते.

आता कायदा या माणसाकडे कसा पाहतो? कामावर झालेल्या अपघाताची भरपाई देणारा कायदा १९२३ सालचा. त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात कोणाला भरपाई मिळेल त्यांची यादी होती. तीत ट्रॅक्टरने किंवा यांत्रिक शक्तीच्या साधनाने शेती करणारा मजूर होता. हत्ती आणि रानटी जनावरे सांभाळणाराही होता. पुढे घोडे, खेचरे, बैल अशी जनावरे हाताळणाराही तीत आला; बैलामागे फळीवर उभ्या असलेल्या मजुराचा स्पष्ट उल्लेख मात्र नव्हता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला, पण यादीचे वळण जुनेच राहिले. राज्य शासनाची गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात अनुदान योजना २०२३ पासून आहे. मृत्यू झाल्यास ती २ लाख रुपये देते. परंतु ती खातेदार शेतकरी आणि त्याच्या घरातील आणखी एक माणूस यांच्यासाठी आहे. सातबाऱ्यावर ज्याचे नावच नाही, तो रोजंदारीचा गडी तिच्या बाहेर राहतो. याचा अर्थ असा की, त्याच खाचरात, त्याच चिखलात, पॉवर टिलर चालवणाऱ्याला कायद्याचा आधार आहे, शेताच्या मालकाला योजनेचा आधार आहे, आणि मधल्या माणसाचा आधार मात्र तेवढा स्पष्ट नाही.

उतारावरच्या लहान खाचरांत टिलर वळत नाही, तेथे बैल आणि फळी आजही लागतात. तेव्हा हा प्रश्न जुन्या काळाचा म्हणून बाजूला सारता येत नाही. गावाने आपल्या हातचे तेवढे तरी करावे. पहिले दोन दिवस बैलांना अर्धा दिवसच जुंपावे. पाणी तुंबवण्याआधी खाचरातले दगड-काच वेचावेत; इर्जिकीला जमणारी माणसे हे एका सकाळी करू शकतात. फळीवर वजनासाठी पोर बसवू नये. पोराला मौज वाटते, पण फळी उलटली तर ते खाली जाते, आणि तेथे दगड पुरतो. आणि मजुरी ठरवताना फळीवरच्या माणसाला नुसता गडी म्हणून धरू नये. बर्फावर जे शिकवण्याचे पैसे पडतात, ते हा येताना शिकून येतो. भरपाईच्या यादीत एक ओळ वाढवावी, ही मागणी ग्रामसभेच्या ठरावाने वर पाठवता येते. तेवढा ठराव यंदा मृगाच्या आधी तालुक्यातल्या गावांनी करावा, अशी माझी आपणांस विनंती आहे.